जादूघर हे नाव बाहेरच्यांनी ठेवलं

निपाणीच्या एका तरुण चार्टर्ड अकाउंटंटनी विचारलं आहे. बेळगावातल्या ओळखीच्या एका उद्योजकांनी त्यांना 'आमच्या लॉजमध्ये या, चांगली माणसं भेटतील' असं सुचवलं. हे लॉज म्हणजे राहायचं हॉटेल नव्हे, फ्रीमेसनांचं मंडळ. घरी विषय काढला तर आईनं जेवता जेवता ताट बाजूला सारलं. तिच्या लहानपणी छावणीतल्या अशा इमारतींना जादूघर म्हणत, आत कवटी ठेवलेली असते असं तिनं ऐकलेलं. मित्रांनी यूट्यूबवरचे व्हिडिओ पाठवले, त्यात सैतानाची पूजा दाखवली आहे. खरं काय, धंद्याला उपयोग होतो का, आणि रोटरी-लायन्स असताना यातच का पडावं, असं त्यांनी विचारलं आहे.

मी सव्वीस वर्षं फ्रीमेसन, थोडक्यात मेसन आहे, म्हणजे एकमेकांना भाऊ मानणाऱ्या आणि गवंड्याच्या हत्यारांतून वागणं शिकवणाऱ्या एका जुन्या संघटनेचा सभासद. एक वर्ष लॉजच्या मास्टरच्या, म्हणजे प्रमुखाच्या, खुर्चीवर बसलो आहे. त्याआधी सात वर्षं रोटरीत होतो. वडील बेळगावच्या शहापुरातले गवंडी, मी बांधकाम ठेकेदार. एवढं सांगून उत्तराला हात घालतो.

गुप्ततेचं आधी उरकून टाकतो, कारण त्यात लोकांना वाटतं तेवढं काही नाही. आम्ही शपथ घेतो ती एकमेकांना ओळखायच्या खुणा आणि काही शब्द बाहेर न सांगण्याची. मी त्या सांगणार नाही, कारण शब्द दिला आहे. बाकी सगळं सांगता येतं. खोलीत काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी असते, पूर्वेला मास्टरची खुर्ची, आणि मध्ये पीठावर धर्मग्रंथ. आमच्याकडे गीता, कुराण, बायबल, अवेस्ता आणि गुरु ग्रंथसाहिब एकाच वेळी उघडून ठेवतात. दोन दगड असतात, एक अनघड आणि एक घडीव. भोवती गवंड्याचीच हत्यारं: गुण्या, ओळंबा, पाणसळ, हातोडी, थापी. पायऱ्या तीन. पहिल्या पायरीला नवा माणूस शिकाऊ असतो, दुसरीला कारागीर, तिसरीला मिस्त्री. प्रत्येक पायरीला एक छोटं नाटक होतं, आणि त्यातून हत्यारांचे अर्थ सांगतात. गुण्या म्हणजे वागणं काटकोनात ठेवावं, ओळंबा म्हणजे माणसानं सरळ उभं राहावं. कवटीचं म्हणाल तर तुमच्या आईंनी ऐकलं ते अगदीच खोटं नाही. तिसऱ्या पायरीचा विषय मृत्यू आहे, आणि तिथल्या चित्रात कवटी आणि हाडं येतात. आपल्याकडे स्मशानात बसून भजन म्हणणारी माणसं होऊन गेली, त्यांना हे समजायला जड जाणार नाही.

सैतानाच्या व्हिडिओंचा उगम बराच जुना आहे. फ्रान्समध्ये लिओ टॅक्सिल या नावानं लिहिणाऱ्या एका माणसानं १८८५ नंतर बारा वर्षं फ्रीमेसनांच्या सैतानपूजेच्या कहाण्या रचून छापल्या. लोकांनी त्या डोळे झाकून विकत घेतल्या. १८९७ च्या एप्रिलमध्ये त्यानं पॅरिसमध्ये भरसभेत कबूल केलं की सगळं आपण रचलेलं होतं. पण कहाण्या थांबल्या नाहीत. तुम्हाला आलेल्या व्हिडिओंतली बरीचशी चित्रं त्याच घराण्यातली आहेत.

आता 'जादूघर' या शब्दावर थांबावं लागेल, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा गाभा तिथं आहे. हा शब्द उगाच आलेला नाही. कोलकात्यात १७३० च्या सुमारास पहिलं लॉज आलं, मग मद्रास, मग मुंबई. जिथं पलटण जाई तिथं लॉज जाई. बेळगावचा किल्ला १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला आणि पुढं छावणी वसली, त्या काळाचं चित्र डोळ्यांपुढं आणा. संध्याकाळी साहेब लोक घोडागाडीतून उतरतात, कमरेला पांढरं कातडं बांधतात, खिडक्या लावून घेतात, दारावर एक जण तलवार घेऊन उभा राहतो. आतून ठोके ऐकू येतात. बाहेर गाडीवान, खानसामा आणि माळी थांबलेले असतात. आत काय चालतं ते त्यांना कोणी सांगत नाही आणि विचारायची त्यांची प्राज्ञा नाही. ते त्याला जादूघर म्हणणार नाहीत तर काय म्हणतील? हे नाव बाहेर उभं केलेल्या लोकांनी ठेवलं. म्हणून मी नव्या माणसाला नेहमी सांगतो की आत काय चालतं हे विचारू नका, ते तुम्हाला कळेलच. दारात कोणाला घेतलं आणि कोणाला परत पाठवलं ते विचारा.

याचा इतिहास आमच्या लोकांनी लपवू नये असं मला वाटतं. माणेकजी कर्सेटजी हे मुंबईचे पारशी गृहस्थ. मुंबईत त्यांना प्रवेश मिळाला नाही. ते युरोपात गेले आणि पॅरिसला मेसन झाले. परत आले तरी इथली दारं बंदच. अखेर मेसन असलेल्या डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकारानं १८४३ मध्ये मुंबईत 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज निघालं, तेव्हा भारतीयांना वाट मिळाली. हिंदूंची अडचण याहून मोठी केली गेली. तुमचे देव अनेक, मग तुम्ही एका परमेश्वराची शपथ कशी घेणार, असं म्हणत. कोलकात्याचे प्रसन्नकुमार दत्त यांनी जवळजवळ नऊ वर्षं पत्रव्यवहार करून हा मुद्दा खोडून काढला आणि १८७२ मध्ये त्यांना घेण्यात आलं. ज्या संस्थेची पहिली शिकवण 'सगळे एका पातळीवर' अशी आहे, तिनं एका माणसाला नऊ वर्षं उंबऱ्याबाहेर ठेवलं. भारताचं स्वतःचं ग्रँड लॉज, म्हणजे सगळ्या लॉजांवरची मध्यवर्ती संस्था, १९६१ च्या २४ नोव्हेंबरला दिल्लीत स्थापन झालं आणि रामपूरचे नवाब पहिले ग्रँड मास्टर झाले. म्हणजे घरचा कारभार आपल्या हातात येऊन अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत.

ही जुनी गोष्ट मला पुस्तकातून जेवढी कळली त्यापेक्षा जास्त एका पेटीतून कळली. नव्या माणसाला घ्यायचं की नाही हे मतदानानं ठरतं. एक लाकडी पेटी फिरते, तिला हात घालायला भोक असतं. आत पांढऱ्या आणि काळ्या गोळ्या असतात, हात आत गेला की कोणी कुठली टाकली ते दिसत नाही. आवाजही सारखाच, टक् असा. काळ्या गोळ्या मोजक्या असल्या तरी माणूस नापास होतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी माझ्या एका मित्राचं नाव सुचवलं. छापखाना चालवणारा माणूस, हिशेबाला चोख, अडलेल्याचं काम उधारीवर करणारा. इंग्रजी मात्र त्याला बेताचंच येई. पेटी मास्टरपुढं उघडली आणि काळी निघाली. कारण कोणी सांगत नाही आणि विचारायचंही नसतं, तसा नियम आहे. पण जेवणाच्या वेळी कोणीतरी हळूच म्हणालं, 'ते आपल्यात रमले नसते.' मला ते वाक्य अजून लागतं. मी आठ महिने त्या लॉजची पायरी चढलो नाही. त्या लॉजचं नाव लिहीत नाही, कारण ते घडलं तसं दुसरीकडेही घडू शकलं असतं. मित्राला सांगायला मीच गेलो. त्यानं यंत्र बंद केलं, हात पुसले आणि म्हणाला, 'चहा घेणार काय?' त्या दिवाळीला नेहमीसारखा कुंदा घेऊन आला. मग मीही परत जायला लागलो, कारण बाहेर बसून पेटीतली गोळी बदलत नाही.

आता धंद्याचं. तुमचा हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि बहुतेक जण तो पोटात ठेवून येतात. प्रवेशाच्या वेळी तुमच्याकडून स्पष्ट वदवून घेतात की मी फायद्याच्या आशेनं आलेलो नाही. तरी ओळखी होतात हे खरं. वकील, डॉक्टर, फौंड्रीवाले, फौजेतले अधिकारी एका टेबलाला बसतात. सव्वीस वर्षांत मला लॉजमधून दोन कामं मिळाली, आणि त्यातलं एक मी सोडून दिलं. पैशाची बोलणी करताना समोरचा सारखा 'ब्रदर' म्हणत होता आणि मला दर सांगायला जीभ रेटेना. तुम्ही अकाउंटंट आहात, तुम्हाला हा त्रास जास्त होईल. 'आपलाच माणूस आहे, जरा बघून घ्या' हे वाक्य लॉजमध्ये ऐकू आलं तर त्या दिवशीच त्या माणसापासून दूर व्हा.

या मुद्द्यावर मला नेहमी नरेंद्रनाथ दत्त आठवतात. १८८४ च्या फेब्रुवारीत कोलकात्याच्या 'अँकर अँड होप' लॉजमध्ये ते मेसन झाले, तेव्हा वय एकवीस. वडील वकिली करणारे, त्या वर्तुळातलेच. त्याच सुमारास वडील वारले, घरात कर्ज निघालं, आणि हा पदवीधर तरुण नोकरीसाठी ऑफिसांचे उंबरे झिजवत कोलकात्यात फिरत राहिला. लॉजनं त्यांना नोकरी लावून दिल्याचं माझ्या वाचनात नाही. आठ वर्षांनी, १८९२ च्या ऑक्टोबरात, कोल्हापूरहून ते आपल्या बेळगावात आले ते संन्यासी म्हणून. आधी भाटे वकिलांकडे आणि मग वनखात्यातले हरिपद मित्र यांच्याकडे राहिले. स्वामी विवेकानंद इथं राहिले म्हणून आपण अभिमानानं सांगतो. ते मेसन होते हे आमचे लोक त्याहून जास्त अभिमानानं सांगतात, पण नोकरीची गोष्ट कोणी सांगत नाही.

धर्माबद्दल एक सूचना आहे आणि ती मी कधी टाळत नाही. देव मानत नसाल तर अर्ज भरू नका, तिथं खोटं बोलून काही मिळत नाही. आणि तुमच्या ओळखीत कॅम्पातले किंवा खानापूरकडचे कोणी कॅथलिक असतील तर त्यांना सांगा की त्यांच्या चर्चची यावर बंदी आहे. १७३८ मध्ये पोप बारावे क्लेमेंट यांनी ती घातली, १९८३ मध्ये रोमनं ती पुन्हा स्पष्ट केली, आणि मेसन झालेल्यानं कम्युनियन, म्हणजे चर्चमधला पवित्र प्रसाद, घेऊ नये असं सांगितलं. मी एका कॅथलिक मित्राला हे आधी सांगितलं, तेव्हा आमच्यातले एक ज्येष्ठ माझ्यावर रागावले. पण त्याला चर्चच्या दारात कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलं हे बरं झालं. तो आला नाही. आमची मैत्री आहे तशी आहे.

आता आपल्या भागाबद्दल, कारण इथं लॉजचा एक नियम पुण्या-मुंबईपेक्षा जास्त जड आहे. आत राजकारण आणि धर्म यांवर वाद घालायचा नाही. बेळगावात याचा अर्थ काय होतो ते तुम्हाला मी सांगायला नको. १९५६ पासून १ नोव्हेंबर आमच्यासाठी काळा दिन आहे आणि शेजारच्या घरासाठी राज्योत्सव. माझ्या शेजारी बसणारे एक डॉक्टर कन्नड, राज्योत्सवाच्या मिरवणुकीत पुढं असतात. मी काळ्या दिनाच्या सायकल फेरीत तरुणपणापासून जातो. त्या आठवड्यातही आमची बैठक होते. आम्ही शेजारी बसतो, ताटात भात एकमेकांना वाढतो. आमचं या प्रश्नावर बाहेरही कधी पटलं नाही, पुढंही पटणार नाही. पण माझ्या जमिनीचा उतारा कन्नडमध्ये आला आणि त्यातला एक शेरा मला लागेना, तेव्हा मी तो घेऊन त्यांच्याच दवाखान्यात गेलो. त्यांनी पेशंट थांबवून ओळ न ओळ वाचून दाखवली, आणि शेवटी म्हणाले, 'हा कागद तुम्हाला तुमच्या भाषेत मिळायला हवा होता.' मी हे वाक्य त्यांच्या तोंडून बाहेर कुठल्या सभेत ऐकलं नसतं. त्यांनीही ते सभेत म्हटलं नसतं. मला लॉजनं काय दिलं असं कोणी विचारलं तर मी हे सांगतो. सीमाप्रश्न यातून सुटत नाही हेही लगेच सांगतो. गप्प बसण्याची किंमत मराठी माणसाला इथं रोजच मोजावी लागते, तिच्यात आणखी एका संध्याकाळची भर पडते. ते तुम्हाला सोसेल का, हे तुम्हीच ठरवा.

रोटरी आणि लायन्स यांचं नातं लोकांना उलटसुलट वाटतं. हे क्लब मेसनांच्या शाखा नाहीत. १९०५ मध्ये पॉल हॅरिस यांनी शिकागोत रोटरी सुरू केली. लायन्स १९१७ चं, तेही शिकागोचंच, आणि त्याचे संस्थापक मेल्विन जोन्स स्वतः मेसन होते. माणसं एका काळातली, एका शहरातली, म्हणून घाट सारखा वाटतो. पण काम वेगळं. रोटरीत दर आठवड्याला भेटायचं, पाहुण्याचं भाषण ऐकायचं, प्रकल्प करायचा, फोटो काढायचा. हे मी तिरकसपणे म्हणत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये घटप्रभा, मलप्रभा, कृष्णा एकदम फुगल्या आणि चिकोडी-गोकाककडची गावं पाण्याखाली गेली, तेव्हा दुसऱ्याच दिवशी ट्रक भरून निघाले ते रोटरी-लायन्सवाल्यांचे आणि आपल्या गल्लीतल्या मंडळांचे. फलक लावलेला होता, पण त्या फलकामुळंच लोकांना कुठं जायचं ते कळलं. आमच्या लॉजनं पैसे गोळा केले आणि एका शाळेच्या पुन्हा उभारणीला दिले, नाव न लावता. त्याला चार महिने लागले. ज्याला पाण्यात उतरून काम करायचं आहे त्यानं रोटरीत जावं, असं मी स्वतः तिथून आलो असूनही सांगतो. लॉज हे मुख्यतः पाठांतराचं आणि स्वतःकडं बघण्याचं ठिकाण आहे. ज्याला तेच तेच शब्द वर्षानुवर्षं म्हणण्यात गोडी वाटते, हरिपाठ म्हणणाऱ्याला वाटते तशी, तोच तिथं टिकतो. बाकीचे दोन-तीन वर्षांत वर्गणी थकवून गळतात.

बायकांचा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण लग्न झालं असेल किंवा होणार असेल तर तो घरी येणार आहे. आमच्या प्रकारच्या लॉजमध्ये स्त्रियांना प्रवेश नाही. अ‍ॅनी बेझंट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्त्री-पुरुष दोघांना घेणारी को-मेसनरी भारतात आणली, पण आमचा आणि त्यांचा अधिकृत संबंध नाही. लायन्सनं १९८७ मध्ये आणि रोटरीनं १९८९ मध्ये दार उघडलं. माझी बायको पहिल्याच वर्षी म्हणाली, 'एकमेकांना भाऊ म्हणता, मग बहीण कुठं आहे?' सव्वीस वर्षांत मला याचं उत्तर देता आलेलं नाही. परंपरा आहे असं म्हणणं म्हणजे प्रसन्नकुमार दत्तांना जे सांगितलं गेलं तेच तिला सांगणं. मी हा विषय दोनदा बैठकीत काढला, दोन्हीदा 'आपल्या अधिकारात नाही' म्हणून बाजूला पडला. तिसऱ्यांदा काढणार आहे.

तुम्ही काय करावं? तुम्हाला बोलावणाऱ्या उद्योजकांना विचारा की गेल्या तीन-चार वर्षांत त्यांच्या लॉजमध्ये कोण कोण आलं आणि ते काय काम करतात. सगळे एकाच थरातले, एकाच रस्त्यावर बंगले असलेले निघाले, तर तो जेवणाचा क्लब आहे असं समजा. प्रवेश फी, वार्षिक वर्गणी, काळा सूट, हातमोजे, जेवणाचा खर्च, सगळं मिळून वर्षाचा आकडा लिहून मागा. तोंडी सांगतात तो नेहमी कमी असतो. पाठांतर बहुतेक इंग्रजीत असतं, त्याची तयारी ठेवा. घाई करणाऱ्याला नाही म्हणा. चांगलं लॉज तुम्हाला वर्षभर नुसतं जेवायला बोलावतं आणि बघतं, तसंच तुम्हीही त्यांना बघा.

आणि आईंना घेऊन जा. नव्या मास्टरची नेमणूक होते त्या सुमारास कुटुंबांसाठी जेवण असतं, तेव्हा सभागृह दाखवतात. मी मास्टर झालो तेव्हा माझ्या आईला नेलं होतं. तीही शहापुरातून कॅम्पात येताना त्या इमारतींकडं न बघता चालणाऱ्यांतली. ती खोलीभर हळूहळू फिरली. टेबलावर चांदीचा मुलामा दिलेला लहानसा ओळंबा होता, तो तिनं उचलून तळहातावर तोलला. 'हा हलका आहे. बाबांचा असा जड होता की पायावर पडला तर बोट काळं व्हायचं.' मग गुण्या बघितला, थापी बघितली, आणि मला विचारलं, 'इथं गवंडी कोण आहे?'

मी म्हटलं, मी आहे की. ती म्हणाली, 'तू ठेकेदार आहेस.'

माझ्या साइटवर वीस वर्षं फरशी बसवणारे एक मिस्त्री आहेत, वडगावचे. गुडघे गेले म्हणून आता फक्त देखरेख करतात. ओळंब्याचा अर्थ त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी आधी कळलेला आहे. वर्गणीत सवलत देण्याचा ठराव आम्ही यंदा करून घेतला, आणि पाठ मराठीत समजावून देण्याची जबाबदारी मी घेतली. त्यांचं नाव मी सुचवलं आहे, आणि अनुमोदन कन्नड डॉक्टरांचं आहे. पेटी पुढच्या महिन्यात फिरेल.